ताटाजवळचा ग्लास

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा आहार आणि व्यायाम’. व्यायामाकडे मी येणार आहे, शब्द देतो. पण त्याआधी जरा ताटाजवळच्या पाण्याच्या ग्लासाबद्दल बोलू द्या. माझं जुनं भांडण आहे त्याच्याशी.

‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. उरते केळ्याएवढी नळी, सुरुवातीला १०० ते १५० मि.ली. मावेल अशी. दुसरी ‘बायपास’, हृदयाची नव्हे, जठराची: छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, आणि ती पिशवी तर साधारण ३० मि.ली.ची. हे तुम्हाला ठाऊक आहे, सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलेलं असतं. त्या चित्रात हात आणि तोंड नसतं, आणि घोटाळा तिथंच होतो.

दोन महिन्यांनंतरचं एक जेवण बघा. पातळ झालं, गाळीव झालं, मऊ झालं, आता नेहमीचं खायला परवानगी मिळालीय. ताटात चिकनचा कोरडा तुकडा. फोन वाजतो, आणि चार वेळा चावून तुकडा गिळला जातो. मिनिटभरात छातीच्या हाडामागे दाब, तोंडात चिकट, फेसाळ लाळ. तुकडा अडकलाय. आणि हात कुठे जातो? ग्लासाकडे! तुंबलेल्या मोरीत वरून बादली ओतावी तसं. पाणी खाली जात नाही, तेही उलटून येतं. अशा वेळी खाणं-पिणं थांबवायचं, उठायचं, सावकाश येरझाऱ्या घालायच्या. बहुतेक वेळा उतरतं. काही तासांनीही घोटभर पाणी टिकत नसेल, तर मात्र डॉक्टरांना फोन. उलट्या दिवसेंदिवस चालूच राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि मज्जातंतूंना इजा होते. तिथे ‘बघू उद्या’ चालत नाही.

हसलात ना? हसा, पण ग्लासाची दुसरी खोडी ऐका. अन्न अडकलं नाही, तरी जेवताना प्यायलेलं पाणी त्या इवल्याशा जागेत वाटेकरी होतं. मग दोन घासांत पोट गच्च आणि प्रथिनं ताटातच. चहात बुडवलेलं बिस्कीट याच्या उलट, अडकत नाही आणि थांबतही नाही, सरळ सरकतं. कोरडं खाल्लं तर दोनावर थांबाल. चहाबरोबर अख्खा पुडा जातो आणि पोट भरल्याचा निरोप काही येत नाही. वर्ष-दोन वर्षांनी वजन परत चढलं की लोक म्हणतात, पोट ताणलं. पोटाला शिव्या देण्याआधी मी चहाच्या वेळा विचारतो.

म्हणून जेवण सुरू झालं की पाणी बंद, आणि जेवण संपल्यावर अर्धा तास बंदच. मग प्यायचं कधी? उरलेला दिवसभर. पहिल्या दिवसांत औषधाच्या छोट्या कपाने दर १५ मिनिटांना ३० मि.ली. म्हणजे तासाला १२०. दीड लिटरचा हिशोब करा, साडेबारा तास लागतात. दुपारी आठवण झाली आणि भरून काढलं, असं इथे होत नाही. सूज उतरली की घोट मोठा होतो, गटागटा मात्र नाही.

ताटात आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर धान्य. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे नुसत्या अंड्यांवर भागणार नाही. सुरुवातीला प्रोटीन पावडर लागतेच, तिच्यावर नाक मुरडू नका. चमचा लहान, घास बोटाच्या नखाएवढा, २०-२५ वेळा चावायचा, आणि चावताना चमचा खाली ठेवायचा. हातात राहिला की तो आपोआप भरतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, भराभर.

गोड, विशेषतः बायपासनंतर: अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब, किंवा एक ते तीन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्या आयुष्यभर. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर ठेवा, एकत्र घेतले तर लोह नीट शोषलं जात नाही. कॅल्शियम सायट्रेटचं बरं, त्याला जठरातल्या आम्लाची गरज कमी.

आणि व्यायाम! त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालायला उठवतात, ते पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून; वजनाशी त्याचा संबंध नाही. पुढे चालणं हळूहळू वाढवत आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या. जड उचलणं चार ते सहा आठवडे बंद, छेदांतून हर्निया होऊ शकतो. सर्जननी हो म्हटलं की आठवड्यातून दोनदा-तीनदा ताकदीचा व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर जोर, रबरी पट्टा. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि नुसत्या चालण्याने ते राखले जात नाहीत. व्यायामाआधी तासभर घोट घेत राहा. घाम आल्यावर बाटली तोंडाला लावता येणार नाही. चक्कर आली तर थांबा. बीपीच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांचा जुना डोस आता जास्त होत असेल, तो तपासून घ्या.

दुसरी चिठ्ठी. प्रश्न घेऊ. पहिला केस गळण्याचा असणार, तर आधीच सांगतो: तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, बहुतेकांचे परत येतात. तरीही लोह तपासा, आणि प्रथिनं खरंच ६० ग्रॅम होतात का, ते आठवडाभर लिहून बघा. हं, मागून कोण हात वर करतंय?