हिरवा लेझर, पाण्यात नारिंगी रेघ

नमस्कार मंडळी! कोल्हापुरातल्या आमच्या स्वयंपाकघरातून बोलतोय. हातातल्या ग्लासात सोलकढी नाही, बरं का. मालवणहून आणलेलं लाल समुद्री शेवाळ कुस्करून रात्रभर गार पाण्यात ठेवलं आणि गाळलं, तेच हे गुलाबी पाणी.

आता हा हिरवा लेझर. (डोळ्यांवर मारायचा नाही, पोरांनो!) भिंतीवर ठिपका हिरवा. पण ग्लासात बघा की... रेघ चक्क नारिंगी!

पाण्यात उतरलेल्या या गुलाबी रंगद्रव्याचं नाव फायकोएरिथ्रिन. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच पाण्यात मुरतो, खोल जातो तो निळा-हिरवा. आणि हिरव्याशी क्लोरोफिलचं फारसं जमत नाही. मग तो हिरवा फायकोएरिथ्रिन पकडतं, साधारण 565 नॅनोमीटर तरंगलांबीचा. पुढे ऊर्जा जाते फायकोसायनिन या दुसऱ्या रंगद्रव्याकडे, 620. मग तिसरं, अ‍ॅलोफायकोसायनिन, 650. शेवटी क्लोरोफिल, 680 च्या आसपास.

जाते कशी? एकानं प्रकाश सोडला, दुसऱ्यानं झेलला? छे! मधे प्रकाश बाहेर पडतच नाही.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कधी गेलाय? सतारीची वरची तार छेडली की खालची तरफेची तार, सूर जुळलेला असेल तर, हात न लावता झणझणते. तसंच हे. फरक एवढाच, की तिथं कंपन लाकडातून जातं, इथं विद्युत क्षेत्रातून. याचं गणित जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फॉर्स्टर यांनी 1948 मध्ये मांडलं. अंतराची अट मात्र फार कडक: अंतर दुप्पट झालं की देवघेवीचा वेग 64 पटींनी घटतो! म्हणून शेवाळ ही सगळी रंगद्रव्यं प्रथिनांत बसवून एकाच झुपक्यात, अगदी खेटून ठेवतं.

मग ही ऊर्जा उलट्या दिशेनं परत का येत नाही? प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. उताराला लागलेली बैलगाडी आपणहून मागं चढते का?

मग ग्लासात नारिंगी का दिसलं? साध्या पाण्यात तो झुपका सुटला. फायकोएरिथ्रिन ऊर्जेनं भरलेलं, पण शेजारी घेणारं कुणी नाही. मग प्रकाश म्हणून ओतून टाकलं. जिवंत शेवाळात त्यातली बहुतेक ऊर्जा पुढे गेली असती.

आता हाच ग्लास पातेल्यात ओततो आणि गॅसवर ठेवतो. उकळी आली की प्रथिनाची घडी मोडेल, गुलाबी उडेल. मग परत लेझर मारू. रेघ कुठल्या रंगाची दिसेल, आधी कमेंटमध्ये लिहा!