पायमॉल अडतं कुठं?

बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याहून सोलापुरात शिकायला आलेल्या मुलांकडे बहुधा एकच लॅपटॉप असतो, तोही घरात दोघं-तिघं वापरतात. म्हणून रेणूंची त्रिमितीय चित्रं दाखवणारं पायमॉल हे सॉफ्टवेअर खुलं आहे, याचं मला फार मोल वाटतं. वॉरन डिलॅनो यांनी ते २००० साली लोकांपुढे आणलं. २००९ मध्ये ते गेले आणि २०१० पासून श्रोडिंगर कंपनी ते सांभाळते. कंपनी परवान्याची आवृत्ती विकते, पण मूळ कोड आजही खुला आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला तो पुरतो. क्रॅक केलेली प्रत कुणाच्या पेनड्राइव्हवरून घेऊ नका.

अडलं की मुलं सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करतात. तसं करू नका. आधी अडलंय कुठं ते बघा.

उबुंटूवर एपीटी या इन्स्टॉल करायच्या कमांडनं काम होतं. विंडोजवर मिनीफोर्ज हे पायथॉनची पॅकेजं इन्स्टॉल करणारं साधन घ्या, पायमॉलसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पॅकेजांचा स्वतंत्र कप्पा, करा आणि कॉन्डा-फोर्ज या पॅकेजांच्या भांडारावरून खुली आवृत्ती त्यात उतरवा. जुन्या पायथॉनमध्येच ती कोंबली की आवृत्त्यांचं भांडण लागतं. वेगळं केलंत तरी दुसऱ्या दिवशी कमांडची खिडकी उघडून 'पायमॉल' टाइप केलं, तर उत्तर येतं की अशी कमांडच नाही. पायमॉल कुठंही गेलेलं नसतं, तुम्ही एन्व्हायर्नमेंट ॲक्टिव्हेट केलेलं नसतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो.

पायमॉल उघडलं पण पडदा काळा, किंवा ओपनजीएलची (त्रिमितीय चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स प्रणालीची) तक्रार आली, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बघा. रिमोट डेस्कटॉपवरूनही असं होतं.

फाइल उघडत नसेल तर एक्स्टेन्शन बघा. विंडोज ते लपवतं. तुम्हाला दिसतं रेणूच्या फाइलचं 'पीडीबी', आणि नोटपॅडनं मागे 'टीएक्सटी' चिकटवलेलं असतं. 'फेच' ही नेटवरून रेणूची फाइल आणणारी कमांड चालत नसेल तर लॅबचं नेट बाहेरचा रस्ता अडवत असेल, किंवा तुम्ही बसलाय त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल. फाइल मोबाइलवर उतरवून पेनड्राइव्हनं आणली तरी भागतं. प्रथिनाभोवती लाल फुल्या दिसल्या तर घाबरू नका, ते पाण्याचे ऑक्सिजन आहेत. ते लपवा, पुसू नका. पुढे त्यातलंच एखादं पाणी हवं असतं.

आता वापरातली एक अडचण, जी एररसुद्धा दाखवत नाही. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण आहेत, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम घेतो. निरोगी हिमोग्लोबिनची ४एचएचबी आणि सिकलसेलची २एचबीएस, या दोन्ही पीडीबी फाइली उघडा. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामेटच्या जागी व्हॅलिन येतं. नव्या लेखांत हा बदल सातव्या जागी लिहितात, कारण ते साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्लही मोजतात. फाइलमध्ये ते मेथिओनिन नाही, त्यामुळे तिथं बदल सहाव्या जागी आहे. तुम्ही बीटा साखळीत सात टाकलंत तर दोन्हीकडे ग्लुटामेटच दिसेल, आणि 'बदल नाहीच' असं लिहून मोकळे व्हाल. सहा टाका. ४एचएचबीत ग्लुटामेट, २एचबीएसमध्ये व्हॅलिन.

२एचबीएसमध्ये हिमोग्लोबिनचे दोन पूर्ण रेणू शेजारी आहेत. एकाचं हे व्हॅलिन दुसऱ्याच्या बीटा साखळीतल्या ८५ व्या फिनाइलॲलनिन आणि ८८ व्या ल्युसिनमधल्या खाचेत बसतं. तिथूनच रेणूंच्या दोऱ्या वळत जातात आणि पेशी विळ्यासारखी होते. व्हॅलिन कुठल्या साखळीचं आणि खाच कुठल्या साखळीची, ते आता संगणकावर तुम्ही शोधा. मी इथंच आहे.