पिवळी बस, सरकारी निधी आणि रोहित्र

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकेत शाळेची बस म्हटली की डोळ्यांसमोर पिवळा रंग येतो. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात १९३९ मध्ये भरलेल्या परिषदेत हा रंग ठरला, कारण पहाटेच्या अंधुक उजेडातही तो पटकन नजरेत भरतो आणि त्यावर काळी अक्षरे स्पष्ट दिसतात. आज त्या देशात अशा सुमारे पावणेपाच लाख बस धावतात आणि दोन कोटींहून अधिक मुले त्यांतून शाळेत जातात. त्यांपैकी बहुतेक बस आजही डिझेलवर चालतात. त्या विजेवर आणण्यासाठी सरकारने जो पैसा दिला, त्याविषयी मला आज बोलायचे आहे.

शाळा सुटण्याची वेळ डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा बस एकामागे एक उभ्या असतात, बऱ्याचदा इंजिन चालूच असते, आणि पुढच्या बसचा धूर मागच्या बसच्या उघड्या दारातून आत शिरतो. सहा वर्षांचे मूल त्या दाराची पायरी चढते, तेव्हा त्याच्या नाकाची उंची पुढच्या बसच्या सायलेन्सरपेक्षा फार जास्त नसते. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. मुलांची फुप्फुसे अजून वाढत असतात आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तर तो धूर त्याच दिवशी भोवतो. म्हणून या खर्चाकडे वाहतुकीवरील खर्च म्हणून न पाहता मुलांच्या आरोग्यावरील खर्च म्हणून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आता पैशाकडे वळू. नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या पायाभूत सुविधा कायद्याने स्वच्छ शालेय बससाठी पाच वर्षांत मिळून ५०० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला अर्धा पैसा केवळ धूर न सोडणाऱ्या बससाठी राखून ठेवला आणि वाटपाचे काम पर्यावरण संरक्षण संस्थेकडे सोपवले. २०२२ च्या पहिल्या फेरीसाठी संस्थेने ५० कोटी डॉलर काढले होते. प्रत्यक्षात अर्ज आले ते जवळजवळ ४०० कोटी डॉलरचे, त्यामुळे त्या फेरीची रक्कम जवळपास दुप्पट करावी लागली. शाळांना इलेक्ट्रिक बस नकोच आहेत, असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाहावेत. अडचण इच्छेची नव्हतीच. इलेक्ट्रिक बसची किंमत डिझेल बसच्या दुपटीहून अधिक, बऱ्याचदा तिपटीच्या आसपास असते आणि स्थानिक करांवर चालणाऱ्या छोट्या शालेय जिल्ह्याला, म्हणजे एखाद्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, ती झेपत नाही. ग्रामीण भागांना, गरीब वस्त्यांना आणि आदिवासी मुलांच्या शाळांना या योजनेत अग्रक्रम दिला गेला, ही गोष्ट मला सर्वांत न्याय्य वाटते.

या योजनेतील एक अट मला फार शहाणपणाची वाटते. जुनी डिझेल बस मोडीत काढायची, तर तिच्या इंजिनाला तीन इंचांचे भोक पाडावे लागते आणि चासीचे लांब दांडे कापून टाकावे लागतात. हे वाचताना क्षणभर जिवावर येते, पण ही अट नसती तर तीच बस दुसऱ्या एखाद्या गरीब गावाला स्वस्तात विकली गेली असती आणि तोच धूर तिथल्या मुलांच्या वाट्याला आला असता.

मात्र या निधीची आखणी करताना एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या फेरीत अग्रक्रमाच्या जिल्ह्यांना मोठ्या इलेक्ट्रिक बसमागे ३ लाख ७५ हजार डॉलरपर्यंत आणि चार्जिंगच्या सोयीसाठी मात्र २० हजार डॉलरपर्यंत रक्कम ठरवली होती. एका मोठ्या बसच्या बॅटरीत १५० हून अधिक युनिट वीज मावते. अशा तीस बस एका तळावर रात्री चार्जिंगला लावायच्या, तर त्या तळाला नवे रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लागते, जाड केबल लागतात, कधी कधी रस्ता खोदून नवी वाहिनी आणावी लागते, आणि हे सारे वीज कंपनीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. वीज कंपन्यांकडून होणाऱ्या विलंबाचा फटका या योजनेला बसू शकतो, असा इशारा पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच कारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी २०२३ च्या अखेरीस दिला होता. बस दारात येऊन उभी राहावी आणि तिला लावायला वीजच नसावी, यासारखे दुर्दैव दुसरे कोणते? अर्ज भरतानाच वीज कंपनीबरोबर तळाची पाहणी झालेली असावी आणि त्या पाहणीचा खर्चही निधीतूनच मिळावा, असे मला वाटते.

थंड प्रदेशांतली गोष्ट आणखी वेगळी आहे. कडाक्याच्या थंडीत बसचा पल्ला कमी होतो, कारण बरीच वीज आतली हवा उबदार ठेवण्यात जाते. तरीही शाळेची बस विजेवर चालवायला सोयीची आहे, कारण तिचा मार्ग ठरलेला असतो, सकाळची फेरी झाली की दुपारपर्यंत ती उभी असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आठवडेच्या आठवडे तिला काम नसते. कॅलिफोर्नियातील ओकलंड शालेय जिल्ह्याने २०२४ मध्ये आपल्या सर्व ७४ बस इलेक्ट्रिक केल्या. उभ्या असताना बॅटरीतली वीज परत ग्रिडला देता येईल, अशी सोय त्या बसमध्ये आहे.

निधी कुठे आधी द्यावा, याचे उत्तर एका अभ्यासातून मिळते. याआधीच्या एका योजनेत जुन्या बस बदलण्यासाठीचे पैसे सोडत काढून वाटले गेले होते, त्यामुळे सोडतीत नाव निघालेल्या आणि न निघालेल्या जिल्ह्यांची तुलना करणे शक्य झाले. पैसे मिळालेल्या जिल्ह्यांत मुलांची हजेरी किंचित वाढली, पण जिथे सर्वांत जुन्या बस गेल्या तिथे ती ठळकपणे वाढली, असे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले. त्या नव्या बस बहुतेक डिझेलच्याच होत्या, हेही लक्षात घ्यायला हवे. तेव्हा राहिलेला पैसा ज्या तळावर सर्वांत जुनी बस उभी आहे, तिथे आधी पोहोचायला हवा.

२०२२ च्या दुसऱ्या एका कायद्याने प्रत्येक मोठ्या इलेक्ट्रिक वाहनामागे ४० हजार डॉलरपर्यंतची करसवलत दिली होती आणि कर न भरणाऱ्या शाळांनाही ती रोख मिळत असे. २०२५ च्या नव्या कायद्याने ३० सप्टेंबर २०२५ नंतरच्या खरेदीसाठी ती बंद केली. पाचशे कोटींच्या योजनेची मूळ मुदतही २०२६ पर्यंतचीच आहे. शाळेची बस मात्र बारा ते पंधरा वर्षे चालते. पैशांअभावी जो जिल्हा या वर्षी पुन्हा डिझेलचीच बस घेईल, तिथे आज पहिलीत असलेले मूल बारावीपर्यंत त्याच बसची पायरी चढत राहील.