पत्र आलं नाही म्हणजे?

मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये २०१४ साली यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या मोठ्या आरोग्य-संशोधन प्रकल्पानं स्कॅनिंग सुरू केलं. मेंदू, हृदय, पोट, हाडं, सगळं. लक्ष्य एक लाख स्वयंसेवकांचं होतं, ते २०२५ मध्ये गाठलं. ही माणसं दुखणं घेऊन आलेली नाहीत, संशोधनाला हातभार लावायला आली आहेत.

स्क्रीनसमोर बसलेल्या रेडिओग्राफरचं काम चित्र नीट घ्यायचं. निदान करायचं नाही. पण मशीन चालवताना मूत्रपिंडावर काही भलतंच दिसलं, तर तो ते रेडिओलॉजिस्टकडे, म्हणजे स्कॅन वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांकडे, पाठवतो. त्यांनाही ते गंभीर वाटलं, तर स्वयंसेवकाला आणि त्याच्या फॅमिली डॉक्टरला पत्र जातं.

मग रेडिओलॉजिस्टनंच सगळे स्कॅन का तपासू नयेत? पहिल्या १००० जणांच्या बाबतीत तेही करून पाहिलं. रेडिओग्राफरच्या पद्धतीत १८ जणांबद्दल शंका आली होती, आता १७९ जणांबद्दल आली. त्यांतल्या २१ जणांना खरोखर गंभीर आजार निघाला. बाकीच्या १५८ जणांमागे नुसतंच तपासण्यांचं शुक्लकाष्ठ. काहींवर तर शरीरात उपकरण घालून करायच्या तपासण्यांचीही वेळ आली. हे ऐकून रेडिओग्राफरची पद्धतच शहाणपणाची वाटते. पण त्या २१ पैकी १६ जण तिच्यातून निसटले होते.

आणि कळणंही फुकट नसतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आहे असं निघालं, की ब्रिटनमध्ये काहींना ते वाहन परवाना खात्याला कळवावं लागू शकतं. माणसाला काही होत नसलं, तरी!

डॉक्टर आणि रुग्ण हे नातं कायद्याच्या चांगल्या ओळखीचं आहे. संशोधक आणि स्वयंसेवक हे तितकंसं नाही. म्हणून कोर्टकज्जा झालाच, तर संमतिपत्रात काय कबूल केलं होतं याला फार वजन येतं. तिथं लिहिलेलं असतं की ही आरोग्य तपासणी नाही. आमच्या मते हे नुसतं लिहून भागत नाही. पत्र आलं नाही म्हणजे तब्येत ठणठणीत, असं समजू नका, हे मशीनमध्ये झोपवण्याआधी तोंडानं सांगायला हवं.

कारण नंतर हीच चित्रं, नाव-गाव काढून, जगभरच्या संशोधकांकडे जातात. त्यांच्यातल्या कुणाला पुढे एखादी गाठ दिसली, तरी ती बातमी स्वयंसेवकाच्या घरी पोचवण्याची सोय या व्यवस्थेत ठेवलेली नाही.