नाव नको, गाव शोधा! इंग्लंडमधलं घराणं जुन्या कागदांतून कसं शोधायचं

नमस्कार मंडळी. आज थेट एका पानापासून सुरुवात करते.

(स्क्रीनवर १८४१ च्या जनगणनेचं पान)

पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, त्यामुळे फिकट दिसतंय. लँगफिल्ड, यॉर्कशायर. तारीख ६ जून १८४१. एक विणकर, त्याची बायको, एक तान्हं मूल. बायकोचं वय २५. आणि हा रकाना बघा, तिच्या नावापुढे एकच अक्षर आहे, एन. एन म्हणजे नो. रकान्यात प्रश्न होता, याच काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, जन्म झाला का? बाईंचं उत्तर, नाही.

या एका अक्षरापायी मी आणि माझ्या सासूबाईंनी तीन महिने घालवले.

जे पहिल्यांदा बघतायत त्यांच्यासाठी सांगते. मी मूळची साताऱ्याची, नवरा यॉर्कशायरचा, आणि गेली काही वर्षं मी सासूबाईंच्या माहेरचं घराणं शोधतेय. लँगफिल्डची ही बाई म्हणजे सासूबाईंच्या पणजोबांची आजी. आडनाव सांगत नाही, सासूबाई हा चॅनल बघतात. पण एवढं सांगते की या खोऱ्यात दगड भिरकावला तर त्या आडनावाच्या माणसाला लागेल.

आणि नवशिके चुकतात ते इथेच. वेबसाइट उघडली की पहिला चौकोन नावाचा असतो. आपण नाव टाकतो, हजार माणसं समोर येतात, त्यातला बरा दिसणारा 'जॉन' उचलतो आणि वंशावळीत बसवून टाकतो. मग पुढची चार वर्षं दुसऱ्याच्या पूर्वजांची सेवा! मी स्वतः केलंय हे, आठ महिने.

आपल्याकडे ओळख झाली की दुसरा प्रश्न काय असतो? 'मूळ गाव कुठलं?' नाशिकला, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांकडे गेलात तर तेही आडनावाबरोबर गाव विचारतात, मग वही काढतात. इंग्लंडच्या कागदांनाही तोच प्रश्न आधी विचारायचा. इथे तर बरीच आडनावंही गावातूनच आलेली असतात. हॅलिफॅक्सच्या आसपास ॲक्रॉइड, मर्गाट्रॉइड, होलरॉइड अशी नावं भेटतात. यातलं रॉइड म्हणजे झाडी तोडून मोकळी केलेली जागा. आपलं जसं 'कर', तसं त्यांचं 'रॉइड'.

आता खानेसुमारीकडे येऊ. मला हा जुना शब्द जनगणनेपेक्षा आवडतो, कारण त्यात घर आहे आणि इंग्लंडची मोजणीही घरोघरचीच होती. १८०१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होते, पण पहिल्या चार वेळा सरकारला डोकी हवी होती, नावं नव्हे. सगळ्यांची नावं देशभर नीट मिळू लागतात ती १८४१ पासून. त्यातही एक गोम आहे. १५ वर्षांवरच्या माणसाचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहा, अशी सूचना होती. म्हणजे आमच्या बाईंचं २५ हे २५ ते २९ मधलं काहीही असू शकतं. शिवाय घरात कोण कुणाचं कोण, हेही त्या साली लिहिलेलं नाही. ती बायको आहे हा माझा अंदाज होता. बहीणही असू शकली असती.

१८५१ पासून मात्र चैन आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं, खरं वय, धंदा आणि जन्म कुठल्या काउंटीत, कुठल्या गावी, सगळं येतं. एक लक्षात घ्या, हे आपण वाचतो ते घरच्यांनी लिहिलेलं नसतं. आधी घरोघरी फॉर्म वाटायचे, मग गणनेचा माणूस ते गोळा करायचा आणि आपल्या वहीत उतरवून काढायचा. लिहिता न येणाऱ्यांचं तोच भरायचा, कानाला ऐकू येईल तसं. उत्तरेकडे 'ह'चा उच्चार गिळतात, त्यामुळे 'ह'वरून सुरू होणारी आडनावं कधी 'ह' हरवून बसतात, तर कधी नसलेला 'ह' पुढे येऊन उभा राहतो.

तर मग १८५१ चं पान बघून उत्तर का नाही मिळालं? कारण ते पान मिळतच नव्हतं. आडनाव टाकलं, नाही. स्पेलिंग बदलून टाकलं, नाही. आम्ही चेशायर केलं, डर्बीशायर केलं, लिंकनशायरपर्यंत जाऊन आलो. शेवटी एका रात्री वैतागून मी आडनावाचा चौकोन रिकामाच सोडला. पहिलं नाव, अंदाजे वय, राहण्याचं ठिकाण लँगफिल्ड, बस. आली! पहिल्याच पानावर. झालं असं होतं की जुन्या हस्ताक्षरातला वळणदार एस कुणीतरी एल वाचला होता. सटक्लिफचं लटक्लिफ.

कळलं ना आता आडनाव? जाऊ दे. सासूबाई, माफ करा.

आणि जन्मस्थळ? लँकशायर, वॉल्सडेन. आता हा नकाशा बघा.

(स्क्रीनवर टॉडमॉर्डनचा जुना नकाशा)

हे टॉडमॉर्डन. यॉर्कशायर आणि लँकशायर यांची हद्द या गावाच्या पोटातून जायची, पाण्याच्या कडेनं. इकडे लँगफिल्ड आणि स्टॅन्सफिल्ड, हे यॉर्कशायर, हॅलिफॅक्सच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत. तिकडे वॉल्सडेन, ते लँकशायर, रॉचडेलच्या पॅरिशमध्ये. म्हणजे आमच्या बाई कुठून दूरदेशाहून आल्याच नव्हत्या. हद्दीपलीकडच्या शेजारगावची सोयरीक होती ती! लिंकनशायर काय घेऊन बसलात.

टॉडमॉर्डनचा टाउन हॉल १८७५ सालचा आहे आणि तो या हद्दीवरच बांधलाय, खालून ओढा वाहतो. दर्शनी त्रिकोणात दोन स्त्रियांच्या मूर्ती आहेत, एक लँकशायरच्या कापसाच्या धंद्याची, दुसरी यॉर्कशायरची. कधी या बाजूला आलात तर मान वर करून जरूर बघा. पुढे १८८८ च्या कायद्यानं सगळं गाव यॉर्कशायरमध्ये आलं. त्यामुळे एकच माणूस, एकच घर, पण १८८१ च्या मोजणीत जन्म लँकशायरचा आणि १८९१ च्या मोजणीत यॉर्कशायरचा, असंही सापडतं. माणूस खोटं बोलत नाहीये. काउंटी सरकली आहे.

ही काउंटीची भानगड नीट समजून घ्या, कारण कागद कुठल्या दप्तरात आहेत ते त्यावर ठरतं. आपल्याकडे ठाण्यातून पालघर निघालं, तसंच. १ एप्रिल १९७४ ला इंग्लंडच्या काउंट्यांची मोठी फेरमांडणी झाली. कंबरलंड आणि वेस्टमरलंड मिळून कंब्रिया झालं, हंटिंगडनशायर केंब्रिजशायरमध्ये गेलं, रटलंड लेस्टरशायरमध्ये गेलं आणि १९९७ ला परत वेगळं झालं. मिडलसेक्सचा मोठा भाग त्याआधीच, १९६५ ला, ग्रेटर लंडनमध्ये मिसळला होता. आजचा नकाशा हातात घेऊन १८५१ ची माणसं शोधायला गेलात की संपलं.

याचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. पंडिता रमाबाई. त्या १८८३ ला इंग्लंडला आल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेज इथे त्यांचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. आज वाँटेज कुठल्या काउंटीत आहे? ऑक्सफर्डशायर. तेव्हा कुठे होतं? बर्कशायर. १९७४ ला सरकलं ते. म्हणजे तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची चौकशी ऑक्सफर्डला नाही, बर्कशायरच्या अभिलेखागारात, रेडिंगला सुरू करायची. आणि गंमत म्हणजे इंग्लंडच्या जनगणनेत ते इंग्लंडमधलं वास्तव्य तुम्हाला कुठेच दिसणार नाही. १८८१ च्या मोजणीनंतर आल्या, १८८६ ला अमेरिकेला निघून गेल्या, पुढची मोजणी १८९१ ची. जनगणना दहा वर्षांतली फक्त एक रात्र बघते. मधल्या सगळ्या रात्रींसाठी दुसरे कागद लागतात.

दुसरे कागद म्हणजे मुख्यतः दोन. सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली. तिची सूची तिमाहीनं लावलेली असते, मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, आणि तिमाही नोंदणीची धरतात, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवस असायचे, म्हणून मार्चअखेरचं बाळ जूनच्या तिमाहीत सापडतं. शिवाय सूचीत गावाचं नाव नसून नोंदणी जिल्ह्याचं असतं. जवळच्या हेब्डन ब्रिज गावची मुलं टॉडमॉर्डनखाली येतात.

१८३७ च्या मागे गेलात की चर्च. पॅरिशच्या नोंदवह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम होता, पण इतक्या मागच्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. १८१३ पासून बाप्तिस्म्यासाठी छापील रकान्यांची वही आली, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं. आमच्या वॉल्सडेनच्या बाई नेमक्या त्याच सुमाराच्या. मी खुशीत रॉचडेलच्या नोंदी चाळायला घेतल्या आणि कुठेच काही नाही! कारण या डोंगरांत मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट मंडळी भरपूर. हे पॅरिशच्या चर्चपेक्षा वेगळे पंथ, त्यांच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या चॅपलात, म्हणजे प्रार्थनाघरात. जवळच्या हेप्टनस्टॉलला मेथडिस्टांचं अष्टकोनी चॅपल १७६४ पासून आहे. अशा चॅपलांच्या जुन्या वह्यांपैकी बऱ्याच १८३७ नंतर सरकारजमा झाल्या आणि आज लंडनमध्ये क्यूला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. बाई तिथे सापडल्या, १८१३ च्या. आईच्या माहेरच्या नावासकट. हा बोनस मला अपेक्षितच नव्हता.

भारतात जन्मलेली इंग्रज माणसं हा स्वतंत्र व्हिडिओचा विषय आहे. सध्या एवढंच, की जनगणनेत जन्मस्थळ 'ईस्ट इंडीज' किंवा 'पूना' दिसलं तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार बघणाऱ्या ब्रिटिश खात्याचं, दप्तर बघायचं. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती एन/३ या क्रमांकाखाली आहेत.

अलीकडच्या काळाबद्दल पटकन. जनगणना १०० वर्षं बंद असते. १९२१ ची जानेवारी २०२२ ला खुली झाली. १९३१ ची वाट बघू नका. इंग्लंड-वेल्सचे ते सगळे कागद डिसेंबर १९४२ मध्ये आगीत गेले, आणि बॉम्बहल्ल्यातही नाही, साध्या आगीत! १९४१ ला युद्धामुळे मोजणीच झाली नाही. मधली एकच काठी आहे, ती म्हणजे सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर, युद्ध सुरू झाल्यावर केलेली लोकांची नोंद. थेट पुढची १९५१ ची, ती २०५२ मध्ये.

आणि १९११. हे माझं सगळ्यात लाडकं साल. एक तर बायकांनी मतदानाच्या हक्कासाठी या मोजणीवर बहिष्कार टाकला होता. एमिली डेव्हिसन त्या रात्री संसदेच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून राहिली. पत्ता विचारला तर संसद सांगता यावा म्हणून! शेवटी तिची नोंद दोनदा झाली, एकदा तिथे आणि एकदा राहत्या घरी. दुसरं म्हणजे या सालापासून घरच्यांनी स्वतः भरलेला कागद आपल्याला बघायला मिळतो. वहीत उतरवलेला नाही, मूळ.

(स्क्रीनवर १९११ चा फॉर्म)

हे सासूबाईंच्या पणजोबांचं अक्षर. हेब्डन ब्रिज. धंदा, फस्टियन कटर. फस्टियन म्हणजे कॉर्डुरॉयसारखं जाड सुती कापड, त्याचे फंदे लांब सुरीनं कापत जायचं काम. खाली सही केलीय, शेवटचं अक्षर रेषेबाहेर गेलंय. १९११ ला लग्न झालेल्या बायकांसाठी जादा रकाने होते. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती जन्मली, किती हयात, किती गेली. इथे आकडे आहेत १९, ९, ५, ४.

सासूबाईंनी हे वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. त्यांना आजोबा आणि आजोबांची चार भावंडं माहीत होती. पाच. बाकीच्या चौघांबद्दल घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

आता ही युक्ती नीट ऐका. दोन मोजण्यांच्या मधे जन्मून गेलेलं मूल जनगणनेत येत नाही. पण सरकारी नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सूचीत जन्माच्या नोंदीला आईचं माहेरचं आडनाव दिलेलं असतं, अगदी १८३७ पासून. सूची बघायला पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागतं. बापाचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव आणि नोंदणी जिल्हा टॉडमॉर्डन टाकायचं, मुलाचं नाव टाकायचं नाही. मग एकेक साल पुढे सरकायचं. मिळालेल्या नावाची मृत्यूची नोंद त्याच जिल्ह्यात बघायची.

असे तिघं सापडले. दोन मुली, एक मुलगा. मुलगा पाच आठवड्यांचा होता. सासूबाईंनी तिघांची नावं स्वतःच्या हातानं वंशावळीत लिहिली, पेननं, पेन्सिलीनं नाही.

चौथं मूल अजून मिळालेलं नाही. मी १८९८ च्या सप्टेंबर तिमाहीपर्यंत आलेय. आणि आता मला शंका आहे की तिथेही एसचा एल झालाय, म्हणून आज रात्री लटक्लिफ टाकून बघणार आहे.