ठरवणे की घडवणे? कृपा आणि सत्कृत्यांचा प्रश्न

मंडळी, बायबलच्या नव्या करारातले रोमकरांस पत्र 3:28 आणि याकोबाचे पत्र 2:24 शेजारी ठेवून वाचा. पौल म्हणतो, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो. याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, कर्मांनी ठरतो. आणि दाखला दोघांचाही एकच, मूळपुरुष अब्राहाम!

आता उत्पत्तीचे पुस्तक उघडा. 15व्या अध्यायात अब्राहाम विश्वास ठेवतो आणि तो त्याच्या नावे नीतिमत्त्व म्हणून गणला जातो. सुंता येते 17व्यात, मुलगा इसहाक याला बळी द्यायला वेदीवर ठेवणे 22व्यात. पौलाचे बोट 15व्यावर आहे. सुंतेआधीच गणती झाली, तेव्हा ती कर्माची मजुरी नव्हे. याकोबाचे बोट 22व्यावर आहे. त्या विश्वासाला पुढे फळ धरले की नाही, हे तो पाहतो. शिवाय तो ज्या विश्वासाला झोडपतो तो नुसता होकार. तसा विश्वास भुतेही धरतात आणि थरथरतात. उघड्या-उपाशी भावाला ‘खुशाल जा, ऊब घे’ म्हणायचे आणि हातावर काहीच ठेवायचे नाही, हा त्याने दिलेला नमुना.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1522च्या जर्मन नव्या करारात रोमकर 3:28मध्ये ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नाही. विरोधकांनी हे धरून ठेवले, तेव्हा 1530मध्ये त्याने उत्तर दिले की जर्मन बोलीची धाटणीच तसा शब्द मागते. उत्तर अगदीच लंगडे नाही. पण ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द ग्रीक नव्या करारात खरोखर जिथे येतात ती जागा याकोबाची, आणि तिथे सोबत ‘नव्हे’ आहे!

कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या धर्मसभेने 13 जानेवारी 1547 रोजी या प्रश्नावर 16 प्रकरणे आणि 33 नियम संमत केले. ‘कॅथलिक पुण्य साठवून स्वर्ग विकत घेतात’ असे म्हणणाऱ्यांनी त्यांतला पहिलाच नियम वाचावा. कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याला तो शापित ठरवतो. नववा नियम मात्र ‘केवळ विश्वासा’च्या विरोधात आहे.

मग भांडण उरले कुठे? क्रियापदात. ल्यूथरपंथीयांच्या कानाला ‘ठरवणे’ ऐकू येते: न्यायाधीशाने आरोपीला निर्दोष ठरवले, त्याच्या अंगी काय आहे ते न पाहता. त्रेंतच्या लेखी त्यात ‘घडवणे’ही आले: पापक्षमेबरोबरच आतला माणूस नवा होतो, आणि त्या नव्या माणसाची कृत्ये त्याचे नीतिमत्त्व वाढवतात.

मराठीत आणखी एक पेच आहे. ‘सत्कृत्य’ म्हटले की आपल्या मनात ‘पुण्य’ येते, आणि पुण्य म्हटले की गाठीशी बांधणे. इफिसकरांस पत्रातला क्रम याच्या उलटा आहे. 2:8-9मध्ये तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने, देवाचे दान म्हणून. सत्कृत्ये येतात 10व्या वचनात, आणि तीही देवाने आधीच योजून ठेवलेली. आठवे-नववे तोंडपाठ करून दहाव्याआधी थांबायचे, ही प्रवचनांतली नेहमीची खोड.

31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये ल्यूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, एवढे दोघांनी मिळून म्हटले. नीतिमान ठरलेला माणूस त्याच वेळी पापीही असतो का, यावर मात्र दोघांनी आपापले स्पष्टीकरण वेगवेगळ्या परिच्छेदांत दिले आहे.