कान खर्जाकडे

[डबल बासचे दोन-तीन स्वर. मागे ग्लासांची किणकिण.]

ग्लासांचा आवाज आला? कुणीतरी हसलंही. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरून पायऱ्या उतरून गेलं की तळघरात व्हिलेज व्हॅनगार्ड हा जॅझ क्लब लागतो. पियानोवर बिल एव्हान्स, ड्रम्सवर पॉल मोशन आणि डबल बासवर, म्हणजे खर्जाच्या भल्यामोठ्या तंतुवाद्यावर, स्कॉट लाफारो. दुपारपासून रात्रीपर्यंत रेकॉर्डिंग चालू आहे. पहिल्याच टेकमध्ये वीज दगा देते, तेही टेपवर राहिलंय.

आता थोडा वेळ पियानो विसरा. कान खाली, बासकडे न्या.

बासवाल्याने मात्रेमात्रेला एक स्वर देत चालत राहायचं, ही तेव्हाची रीत. लाफारो तसा चालत नाही. एव्हान्सचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो उत्तर देतो, मध्येच वरच्या सप्तकात जाऊन गातो, कधी चक्क गप्प बसतो. सम तिघांच्याही मनात पक्की आहे, म्हणून ती कुणाला वाजवून दाखवावी लागत नाही.

११ दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५.

[हार्पसिकॉर्ड आणि चेलो, संथ.]

त्याच वर्षी लंडनमध्ये गायिका जॅनेट बेकर संगीतकार हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड इनीअस’ हा सतराव्या शतकातला ऑपेरा रेकॉर्ड करत होती. प्रियकर इनीअस सोडून चाललाय आणि राणी डायडो मरणापूर्वी गाते आहे. पण आधी येतो तो नुसता खर्ज. षड्जापासून अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरत पंचमापर्यंत: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग परत षड्जावर. हीच ओळ ११ वेळा येते. एकल तबल्याला सारंगीवर लेहरा धरतात ना, तशी.

बेकर त्या आवर्तनात अडकत नाही. लेहरा संपतो तिथे तिची ओळ संपत नाही, ती पुढच्या आवर्तनात शिरते. ‘रिमेंबर मी’, माझी आठवण ठेव, हे शब्द आधी नुसत्या पंचमावर येतात, जवळजवळ बोलल्यासारखे. पुढे तेच शब्द तार षड्जापर्यंत चढतात. खाली खर्ज आपला उतरतोच आहे.

हार्पसिकॉर्डवर, म्हणजे पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, थर्स्टन डार्ट आहेत. त्या काळी हार्पसिकॉर्डवाल्यासमोर बहुतेकदा खर्जाची ओळ आणि काही आकडे एवढंच असायचं, बाकीची भर त्याने स्वतःच घालायची. जॅझवाल्याच्या कागदावर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळणीची, नावं असतात, तीही एवढीच.

जुन्या वाद्यांवरची, याहून सडसडीत रेकॉर्डिंग्ज आज भरपूर मिळतात. त्यांच्यापुढे हा वाद्यवृंद जरा जड वाटेल. तरी मी आधी हेच ऐकायला सांगेन, बेकरच्या आवाजासाठी.

बेकर थांबते. खर्जाची तीच ओळ पुन्हा सुरू होते, आणि इतका वेळ तिला साथ देणारी व्हायोलिन्स आता स्वतःच अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरू लागतात.

[संगीत शेवटपर्यंत.]